नऊ जणांच्या ऑफिसला घरगुती ब्रॉडबँड चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसात नऊ जण बसतात, आणखी तिघं घरून काम करतात. हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि सगळ्या फाइल्स ऑफिसातल्याच एका सर्व्हरवर आहेत, फोन इंटरनेटवरून चालतात, दिवसभरात बरेच व्हिडिओ कॉल होतात. एकच कंपनी तुम्हाला दोन प्लॅन देतेय. घरगुती प्लॅन ५०० एमबीपीएस डाउनलोड आणि ५० अपलोडचा, बिझनेस प्लॅन दोन्हीकडून १०० चा. बिझनेसचे पैसे जवळजवळ तिप्पट. फायबर तीच, डबी तीच, मग कमी वेगासाठी जास्त पैसे कशाला मोजायचे? प्रश्न रास्त आहे, आणि प्लॅन विकायला आलेल्या माणसाने त्याचं धड उत्तर दिलेलं दिसत नाही.

मी बरीच वर्षं छोट्या ऑफिसांची नेटवर्क उभी करतो आणि नंतर तीच सांभाळतो. लाइन गेली की पहिला फोन मलाच येतो. त्यामुळे प्लॅनचा कागद हातात आला की वेगाचा आकडा मी सगळ्यात शेवटी वाचतो. नेट गेल्यावर कोण येणार, किती वेळात येणार आणि तोवर ऑफिस कशावर चालणार, हे आधी बघतो. तुमचा निर्णयही इथेच होणार आहे. फक्त तुमच्या बाबतीत अपलोड आणि ऑफिसातला तो सर्व्हर, या दोन गोष्टींनी तो आणखी एका बाजूला झुकतो.

आधी फायबरबद्दल. विक्रेता खोटं बोलत नाहीये. बहुतेक ठिकाणी दोन्ही प्लॅन खरोखरच एकाच तारेवरून येतात. घरोघरी येणाऱ्या फायबरमध्ये जीपॉन हे तंत्र खूप ठिकाणी वापरलेलं असतं. त्यात कंपनीच्या केंद्रातून निघणाऱ्या एका फायबरवर २.४८८ जीबीपीएस डाउनलोड आणि १.२४४ जीबीपीएस अपलोड इतकी क्षमता असते, आणि वाटेत स्प्लिटर लावून ती ३२ किंवा ६४ जोडण्यांत वाटलेली असते. ३२ जणांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ७८ एमबीपीएस डाउनलोड आणि ३९ अपलोड येईल. सगळे एकदम जोर लावत नाहीत, म्हणूनच ५०० चे प्लॅन विकता येतात आणि बऱ्याचदा तो वेग मिळतोही. त्याच तारेवर बिझनेस ग्राहकाला प्राधान्य देणं किंवा त्याच्यासाठी किमान वेग राखून ठेवणं कंपनीला शक्य असतं. काही कंपन्या ते करतात, काही करत नाहीत. करारात लिहिलेलं असेल तरच ते आहे असं धरा.

बिझनेस ब्रॉडबँड आणि लीज्ड लाइन यांतही गल्लत करू नका. लीज्ड लाइनमध्ये घेतलेली क्षमता फक्त तुमची असते, ती कोणाशी वाटून घ्यावी लागत नाही, आणि तिची किंमतही तशीच असते. बिझनेस ब्रॉडबँड ही बहुतेक वेळा वाटून घेतलेलीच लाइन असते, फक्त वेगळ्या करारावर दिलेली. तुमच्या आकाराच्या ऑफिसला लीज्ड लाइनची गरज मला दिसत नाही, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

म्हणजे तुम्ही जास्तीचे पैसे मोजता ते त्या कराराचे. त्यात सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे दुरुस्ती.

माझ्याकडच्या एका हिशेबतपासणीच्या ऑफिसात घरगुती प्लॅन होता. विवरणपत्रं भरायचे शेवटचे दिवस चालू होते, आणि शुक्रवारी दुपारी इमारतीच्या रंगकामात बाहेरून येणारी तार तुटली. ओएनटीवरचा, म्हणजे बाहेरची फायबर ज्या डबीत येते तिच्यावरचा, 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल लुकलुकत होता. याचा अर्थ फायबरमधून प्रकाशच येत नाहीये, राउटरशी त्याचा काही संबंध नाही. पण हेल्पलाइनवर आधी राउटर बंद करून चालू करा, मग रीसेट करा, मग लॅपटॉप तारेने जोडून बघा, हे सगळं झाल्याशिवाय तक्रार पुढे जात नव्हती. फोनवरच्या मुलीचा यात दोष नव्हता, तिला तीच यादी दिलेली होती. शेवटी तक्रार नोंदली गेली आणि 'कामाच्या दिवसांचे ४८ तास' असा मेसेज आला. मध्ये शनिवार-रविवार होते. त्याच कंपनीच्या बिझनेस ग्राहकांसाठी फोन नंबर वेगळा होता, आणि तिथे सुट्टीच्या दिवशीही माणूस पाठवण्याची तरतूद होती. त्या ऑफिसातली माणसं दोन दिवस मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कशीबशी काम रेटत होती. घरगुती प्लॅनमध्ये दुरुस्ती कधी होईल याची बांधिलकी सहसा कोणी घेतलेली नसते. दुरुस्ती लवकर झालीच तर त्या भागातला तंत्रज्ञ चांगला आहे म्हणून होते.

बऱ्याच बिझनेस प्लॅनमध्ये ही बांधिलकी एसएलए, म्हणजे सेवेच्या हमीचा करार, म्हणून लिहून दिलेली असते. ती वाचताना दोन ठिकाणी थांबा. पहिलं म्हणजे टक्के. ९९.९ टक्के ऐकायला जवळजवळ पूर्णच वाटतं, पण त्यात वर्षाला पावणेनऊ तास लाइन बंद राहिली तरी करार मोडत नाही. ९९.५ टक्क्यांना तेच जवळपास ४४ तास होतात, आणि ९९ टक्क्यांना साडेतीन दिवसांहून जास्त. हिशेब महिन्याचा धरलाय की वर्षाचा हेही बघा. वर्षाचा असेल तर सगळे तास एकाच आठवड्यात जाऊ शकतात.

दुसरं ठिकाण माझ्या मते जास्त महत्त्वाचं: प्रतिसादाची वेळ आणि दुरुस्तीची वेळ वेगवेगळ्या असतात. '४ तासांत प्रतिसाद' म्हणजे ४ तासांत कोणीतरी तुमची तक्रार हातात घेईल, एवढंच. लाइन चालू होईल असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. तुम्हाला हवी ती ओळ म्हणजे '... तासांत सेवा पूर्ववत'. ती नसेल तर विक्रेत्याला लेखी विचारा. हे तास चोवीस तासांच्या घड्याळाने मोजायचे की ऑफिसच्या वेळेत, तेही त्याच पत्रात विचारून घ्या.

भरपाईवर मात्र फार विसंबू नका. हमी मोडली तर सहसा त्या महिन्याच्या बिलातला काही भाग परत मिळतो. तुमचं जे काम बुडालं, ग्राहक नाराज झाला, त्याची भरपाई कुठलीच ब्रॉडबँड कंपनी देत नाही असं समजूनच चाला. एसएलएचा खरा उपयोग असा की तुमची तक्रार रांगेत पुढे जाते, कारण ती रखडली तर कंपनीलाही झळ लागते.

आता हे जास्तीचे पैसे तुमच्यासाठी वसूल होतात का? हे प्रत्येकाच्या कामावर ठरतं, म्हणून माझा आकडा देण्यापेक्षा हिशेब कसा मांडायचा ते सांगतो. नेट नसताना किती जणांचं काम खरोखर थांबतं ते मोजा. सर्व्हर ऑफिसातच असल्याने आत बसलेल्या नऊ जणांचं हिशेबाचं काम नेट गेल्यावरही चालू राहील. घरून काम करणारे तिघं मात्र पूर्ण थांबतील, आणि सगळ्यांचे फोन बंद पडतील. त्या थांबलेल्या माणसांच्या तासाभराच्या पगारात फोन न लागल्याने जाणारं काम धरा, आणि मग विचार करा: वर्षातून एकदा तीन दिवस लाइन गेली तर हे किती होईल? दोन प्लॅनमधला वर्षभराचा फरक याहून कमी असेल तर बिझनेस घ्यावा. मी ज्यांच्यासाठी हा हिशेब केलाय त्यांच्यापैकी फोनवर धंदा असलेल्यांना बिझनेस प्लॅन बहुतेक वेळा परवडतो. ज्यांचं सगळं ईमेलवर चालतं आणि एखादा दिवस उशीर चालतो, त्यांना नाही परवडत.

आता अपलोड. ५०० चा आकडा बघून हा मुद्दा बाजूला पडतो, पण तुमच्या ऑफिसात खरी ओढाताण इथेच होणार आहे.

घरातला माणूस बहुतेक वेळ काहीतरी खाली ओढत असतो, म्हणून घरगुती प्लॅन डाउनलोडकडे झुकलेले असतात. ऑफिसात सर्व्हर असला की चित्र उलटं होतं. घरून काम करणाऱ्याने तुमच्या सर्व्हरवरची फाइल उघडली की त्याच्यासाठी ते डाउनलोड असतं, पण ऑफिसच्या लाइनवर ते अपलोड म्हणून पडतं. २०० एमबीची फाइल ५० एमबीपीएसवर जायला, लाइन पूर्ण मोकळी असेल तर, ३२ सेकंद लागतात. इथे एक लक्षात ठेवा, प्लॅनचा वेग बिटमध्ये असतो आणि फाइलचा आकार बाइटमध्ये, म्हणून आठने गुणावं लागतं. त्यात एका व्हिडिओ कॉलला २ ते ४ एमबीपीएस धरा. फोन कॉलला मात्र अगदी कमी लागतं, आवाज पाठवायच्या नेहमीच्या जी.७११ पद्धतीत (कोडेक) दोन्ही दिशांना सुमारे ९० केबीपीएस. पाच जण कॉलवर, तिघं फाइल्सवर, आणि त्यातच क्लाउडवर बॅकअप सुरू झाला, की ५० चा रस्ता तुंबतो. २० जीबीचा बॅकअप ५० एमबीपीएसवर पाऊण तासाहून जास्त वेळ पूर्ण अपलोड खातो. १०० वर तो निम्म्या वेळात उरकतो.

तुंबलेल्या अपलोडवर नुसता वेग कमी होत नाही, फोनवरचा आवाज तुटायला लागतो. एका डिझाइन स्टुडिओची तक्रार होती की रोज सकाळी अकराच्या सुमारास कॉल बिघडतात आणि जेवणाच्या सुट्टीनंतर आपोआप बरे होतात. लाइन कंपनीने दोनदा तपासली, वेग पूर्ण मिळत होता. मी एका लॅपटॉपवर पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी, लावून बसलो. १२ मिलिसेकंदांवर असलेला आकडा अकरा वाजता चढत चढत ७०० च्या आसपास गेला. त्यांचा बॅकअप तेव्हा सुरू होत होता, आणि राउटर डेटाची जास्तीची पाकिटं (छोटे तुकडे) टाकून देण्याऐवजी लांबच लांब रांगेत उभी करत होता. आवाजाची पाकिटंही त्याच रांगेत अडकत होती. याला बफरब्लोट म्हणतात. बोलणं सहज वाटायचं तर एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत हवा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते. ७०० वर संभाषण होऊच शकत नाही.

हा दोष बिझनेस प्लॅन घेतल्याने जात नाही. त्या स्टुडिओत आम्ही प्लॅन बदलला नाही. राउटर बदलला, त्यावर एफक्यू-कोडेल ही रांग सांभाळणारी पद्धत चालू केली, अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ९० टक्क्यांवर बांधली आणि बॅकअप रात्री ढकलला. दुसऱ्या दिवसापासून कॉल साफ. म्हणून तुमची आत्ताची चिडचिड 'कॉल नीट होत नाहीत' ही असेल, तर जास्त पैशांचा प्लॅन घेण्याआधी हे करून बघा. आणि एक चाचणी वाय-फाय बंद करून, केबल लावून कराच. 'नेट स्लो आहे' अशा कितीतरी तक्रारी भिंतीपलीकडच्या वाय-फायच्या निघतात.

तिसरा मुद्दा सर्व्हरपर्यंत बाहेरून पोचण्याचा. तिघं घरून जोडतात म्हणजे तुमच्या ऑफिसला इंटरनेटवर एक पक्का पत्ता हवा. घरगुती प्लॅनमध्ये हल्ली तो बऱ्याचदा नसतोच. आयपीव्ही४ या नेहमीच्या प्रकारच्या इंटरनेट पत्त्यांच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले, आणि तेव्हापासून कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देऊ लागल्या. याला सीजीनॅट म्हणतात. तुमच्याकडे आहे का ते पाहणं सोपं आहे: राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, आणि बाहेरून कोणी थेट तुमच्यापर्यंत पोचू शकत नाही. मधल्या सर्व्हरमार्फत जोडणाऱ्या सेवा वापरून यातून मार्ग निघतो, मी तो काढलेलाही आहे. पण रोजच्या कामाला बिझनेस प्लॅनसोबत मिळणारा स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, जास्त सुटसुटीत. घरगुती प्लॅनवर तो वेगळे पैसे देऊन मिळतो का, हे विचारा. मिळत असेल तर दोन प्लॅनमधला फरक तिथेच बराच मिटतो.

स्टॅटिक आयपी मिळाला म्हणून रिमोट डेस्कटॉपचा (दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचा) ३३८९ पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, जगाला उघडा करून ठेवू नका. असे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम अव्याहत चालू असतात. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसात यायची कुलूपबंद खासगी वाट, लावा. त्यासाठीचं वायरगार्ड या आकाराच्या ऑफिसला उत्तम चालतं. ईमेलचा सर्व्हर ऑफिसात ठेवायचा विचार असेल तर तो सोडून द्या. घरगुती लाइनवर मेल पाठवायचा पोर्ट २५ बहुधा बंद असतो, आणि घरगुती आयपी पत्त्यांवरून आलेली मेल अनेक सर्व्हर दारातूनच परत पाठवतात.

कराराच्या बारीक अक्षरांतलं एक कलमही बघून घ्या. अनेक घरगुती प्लॅनमध्ये व्यावसायिक वापराला मनाई लिहिलेली असते. रोजच्या व्यवहारात कोणी विचारत नाही, पण भांडणाची वेळ आली की कंपनीच्या हातात तेच कलम असतं. तुमच्या फर्मच्या नावाचं बिल हवं असेल तर तिथेही ते आडवं येतं. सोबत 'वाजवी वापरा'ची मर्यादा किती जीबीनंतर लागते आणि त्यानंतर वेग किती उरतो, तेही वाचा.

इथवरचं एकत्र करून सांगतो. चार-पाच जणांचं ऑफिस, सगळं काम क्लाउडवर, फोन मोबाइलवर आणि अर्धा दिवस नेट गेलं तरी आभाळ कोसळत नाही, असं असतं तर मी तुम्हाला घरगुती प्लॅनच घ्यायला सांगितलं असतं आणि वाचलेल्या पैशांत चांगला राउटर घ्यायला लावला असता. तुमच्याकडे मात्र सर्व्हर आत आहे, माणसं बाहेरून जोडतात आणि फोन त्याच लाइनवर आहेत. तुम्ही १०० चा बिझनेस प्लॅन घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, दुरुस्तीचे तास आणि स्टॅटिक आयपी करारात लिहून मिळत असतील तरच. हे दोन्ही नसतील तर नुसत्या 'बिझनेस' या शब्दाचे तिप्पट पैसे देऊ नका.

आणि एकाच लाइनवर थांबू नका. फायबर तुटायची ती तुटतेच, हमी कितीही चांगली असली तरी काही तास जातातच. दुसरी लाइन साधी, स्वस्त चालेल, पण तिचा मार्ग वेगळा हवा. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन एकाच खांबावरून, एकाच डक्टमधून इमारतीत शिरलेल्या मी पाहिल्यात. एका घावात दोन्ही जातात. म्हणून तुमच्यासाठी ४जी किंवा ५जी सिमवरची दुसरी जोडणी मला जास्त पटते. ती तुमच्या इमारतीत येणाऱ्या तारेवर अवलंबून नसते, आणि तुमचे फोन व व्हीपीएन चालवण्याइतका वेग तिथे बहुतेक ठिकाणी मिळतो. सिम घ्यायच्या आधी ऑफिसात, जिथे राउटर बसणार तिथेच, चाचणी करा.

दोन वॅनचा, म्हणजे दोन लाइन जोडता येणारा राउटर घेऊन आपोआप बदल लावताना एक सेटिंग आवर्जून तपासा. लाइन चालू आहे की नाही हे बरेच राउटर फक्त कंपनीच्या गेटवेला (तिच्या नेटवर्कच्या पहिल्या टप्प्याला) पिंग करून ठरवतात. गेटवे जिवंत आणि त्यापुढचं नेटवर्क मेलेलं असेल तर राउटरला सगळं ठीक दिसतं आणि तो दुसऱ्या लाइनवर जातच नाही. १.१.१.१ आणि ८.८.८.८ असे बाहेरचे दोन पत्ते पिंगसाठी द्या, आणि दोन्हीकडून उत्तर आलं नाही तरच लाइन बदलू द्या. लाइन बदलताना चालू असलेले कॉल तुटतील, ते टळत नाही. स्टॅटिक आयपीही सोबत येणार नाही. सिमवर सीजीनॅट असण्याची शक्यता दाट, म्हणून घरच्या तिघांसाठी मधल्या सर्व्हरवरून जोडणारा दुसरा रस्ता आधीच तयार ठेवा आणि महिन्यातून एकदा मुख्य लाइनची केबल स्वतः काढून तो चालतो का ते बघा.

वीज गेल्यावर नेट जाऊ नये म्हणून ओएनटी आणि राउटर छोट्या यूपीएसवर ठेवा. दोन्ही मिळून साधारण १० ते ३० वॅट खातात, त्यामुळे संगणकाला दहा मिनिटं पुरणारा यूपीएस यांना बराच जास्त वेळ चालवतो. इमारतीच्या तळघरात कंपनीचा सामायिक स्विच असेल, तर त्याला बॅकअप वीज आहे का हेही विचारा. तो बंद पडला तर तुमच्या यूपीएसचा उपयोग नाही.

सही करण्याआधी कंपनीला एक ईमेल पाठवा आणि उत्तर ईमेलवरच मागा: सेवा पूर्ववत करण्याचे तास, ते कसे मोजतात, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी तक्रारीचा नंबर कोणता, किमान वेगाची हमी आहे का, स्टॅटिक आयपी किती, स्वतःचा राउटर लावायला ओएनटी ब्रिज मोडवर (राउटरचं काम न करता नेट नुसतं पुढे देणारी) करून देतील का, आणि करार किती महिन्यांचा. पहिला करार शक्यतो १२ महिन्यांच्या पुढे नेऊ नका. ऑफिस हलवलं तर लाइन नव्या जागी नेता येते की दंड भरावा लागतो, तेही विचारून ठेवा.

नवी लाइन आली की जुनी लगेच बंद करू नका. महिनाभर दोन्ही चालू ठेवा. त्या महिन्यात रोज कामाच्या वेळी केबलवरून वेग आणि पिंग तपासून नोंद ठेवा, आणि बिझनेस हेल्पलाइनला एकदा साध्या शंकेसाठी फोन करून किती वेळात माणूस बोलतो ते बघा. हे सगळं समाधानकारक निघालं की मग फोन आणि व्हीपीएन नव्या लाइनवर हलवा.